योबेलचा अर्थ त्याच्या हिशेबातच आहे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रोममधले पवित्र द्वार पोप फ्रान्सिस यांनी २४ डिसेंबर २०२४ रोजी उघडले आणि पोप लिओ चौदावे यांनी ६ जानेवारी २०२६ रोजी बंद केले. कॅथलिक चर्चच्या या ज्युबिली वर्षाच्या निमित्ताने आपल्याकडेही तीर्थयात्रा झाल्या, प्रवचने झाली, लेख आले. आमच्या वाचनात आलेल्या बहुतेक लेखांचा सूर एकच होता: योबेल (ज्युबिलीचे बायबलमधले नाव) म्हणजे मनाची मुक्ती, अंतःकरणाचा विसावा, देवाशी नव्याने जुळलेले नाते. यात चूक काही नाही. पण हे सगळे ज्यातून निघाले त्या, बायबलच्या जुन्या करारातल्या लेवीय या पुस्तकाच्या, पंचविसाव्या अध्यायात मनाविषयी फारच थोडे सांगितले आहे. तिथे आहेत शेते, द्राक्षमळे, घरे, व्याज, विक्रीची किंमत आणि सोडवणुकीचा हिशेब. या नियमांची आध्यात्मिक शिकवण त्या हिशेबाच्या आतच आहे, आणि हिशेब वगळून ती हाती लागत नाही, असे आम्हाला कळकळीने वाटते. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी एक गल्लत दूर करायला हवी. चार वेगवेगळे नियम एकाच नावाखाली सांगितले जातात. जमिनीचा विसावा दर सातव्या, म्हणजे शब्बाथ वर्षी, सगळ्या देशाला एकदम (निर्गम २३, लेवीय २५). कर्जाची सोडवणूक त्याच सातव्या वर्षाच्या शेवटी (अनुवाद १५; निर्गम आणि अनुवाद हीही जुन्या करारातलीच पुस्तके). इब्री (इस्राएली) दासाची सुटका मात्र त्याच्या स्वतःच्या सहा वर्षांच्या चाकरीनंतर. तो ज्या वर्षी कामाला लागला तिथून त्याची मोजणी (निर्गम २१). आणि सात साती एकोणपन्नास वर्षे झाल्यावर पन्नासावे योबेल, त्यात जमीन मूळ कुळाकडे परत. शब्बाथ वर्षात सगळे दास सुटत, असे जे सर्रास लिहिले जाते ते या मोजण्या एकमेकींत मिसळल्यामुळे.

जमिनीच्या विसाव्यापासून सुरुवात करू, कारण इथे तपशील सगळ्यात बोलका आहे. कनान देशात, म्हणजे इस्राएलच्या भूमीत, पेरणी पहिल्या पावसानंतर, म्हणजे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जव एप्रिलच्या सुमारास कापायला येतो, गहू मे-जूनमध्ये. शब्बाथ वर्ष शरद ऋतूत सुरू होते, म्हणजे नेमके पेरणीच्या तोंडावर. त्या वर्षी पेरायचे नाही. त्यामुळे सहाव्या वर्षीच्या उन्हाळ्याआधी खळ्यावर आलेले धान्य आठव्या वर्षीचे पीक निघेपर्यंत पुरवायचे. एरवी एका पिकावर बारा महिने काढायचे असतात, इथे चोवीस. एकोणपन्नासावे वर्ष आणि त्याला लागून पन्नासावे, अशी दोन्ही पडीक ठेवायची झाली तर छत्तीस. 'सातव्या वर्षी आम्ही काय खावे?' हा प्रश्न खुद्द नियमातच विचारलेला आहे (लेवीय २५:२०), आणि उत्तर आहे की सहाव्या वर्षी तीन वर्षांचे पीक येईल. अकराव्या शतकातले यहुदी भाष्यकार राशी यांनी ही तीन वर्षे मोजून दाखवली आहेत: सहाव्याचा उरलेला भाग, पूर्ण सातवे, आणि आठव्याचा कापणीपर्यंतचा भाग.

आता शेतकऱ्याच्या बाजूने पाहा. नुसते खाण्याचे धान्य ठेवून भागत नाही, आठव्या वर्षीच्या पेरणीचे बियाणेही याच पिकातून राखायचे आणि ते एक पूर्ण हंगाम जास्त सांभाळायचे. पेवात ओल शिरली की धान्य तापते, बुरशी धरते. कोरडे राहिले तरी सोंडकिडे लागतात. जुन्या बियाण्याची उगवण उतरते, म्हणून आठव्या वर्षी बी थोडे दाट पेरावे लागणार, म्हणजे आणखी साठा हवा. आणि सहाव्या वर्षी पीक भरघोस आले, तर खळ्यावरच्या त्या राशीकडे पाहून पहिला विचार कोणता येतो? जास्तीचे विकून टाकावे. श्रद्धेची कसोटी सातव्या वर्षी लागते असे आपण समजतो. आमच्या मते ती सहाव्या वर्षीच, खळ्यावर लागते. आशीर्वाद आधी येतो, तो हातात असतो, मोजता येतो. प्रश्न एवढाच, की ते धान्य आपले वाढलेले उत्पन्न समजायचे की पुढच्या वर्षाचा राखून ठेवलेला घास. रानात इस्राएली लोकांना देवाने दिलेल्या मान्ना या अन्नाचीही हीच रीत होती (निर्गम १६): सहाव्या दिवशी माणशी एकाऐवजी दोन ओमर (त्या काळचे एक माप) मिळे आणि दुसऱ्या दिवशीही चांगले राही, एरवी कुणी हावेने साठवले तर त्यात किडे पडत.

जमिनीला विश्रांती दिली की कस वाढतो, म्हणून हा नियम शास्त्रीय, असेही समर्थन केले जाते. ते आम्हाला पटत नाही. कस वाढवायचा असता तर शेते आळीपाळीने पडीक ठेवली असती. ते कुठलाही जाणता शेतकरी करतोच, आणि त्यात उपासमारीची भीती नसते. लेवीय मात्र सगळा देश एकाच वर्षी थांबवतो. शिवाय कोरडवाहू मुलखात जमीन पडीक टाकली तरी तण मारायला आणि ओल धरायला मधूनमधून नांगर घालतात. इथे नांगरायलाही बंदी. वर्षभर तण माजते, त्याचे बी गळते आणि आठव्या वर्षीची पहिली नांगरट जड जाते. मिश्ना हा यहुदी नियमांचा प्राचीन संग्रह; त्याच्या 'शेबीथ' या भागाची सुरुवातच या नांगरटीपासून होते: सहाव्या वर्षी झाडांच्या बागेत सप्ताहांच्या सणापर्यंतच (साधारण मे-जून) नांगर चालवावा, म्हणजे सातव्या वर्षाची मशागत आदल्या वर्षीच उरकून घेण्याची पळवाट राहू नये. शेतीला हा नियम सोयीचा नाही, आणि तो तसा दाखवण्याची गरजही नाही. कारण मूळ वचनातच दिले आहे: 'जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ परके व उपरे आहात' (लेवीय २५:२३, भावार्थ).

मग त्या वर्षी आपोआप उगवलेल्याचे काय? पाचवे वचन म्हणते कापू नका, सहावे म्हणते ते तुमचे अन्न होईल. वरवर विसंगती दिसते. परंपरेने तिचा उलगडा असा केला, की मालक म्हणून कापणी करायची नाही, पण खाणारा म्हणून तोडून घ्यायला हरकत नाही. कुंपणाचे दार उघडे, फळांवर कुणाचा हक्क नाही. मालक, त्याचे दास-दासी, मजूर, उपरा, गुरे आणि रानातली जनावरे ही सगळी एका रांगेत. त्या फळांचा व्यापार करायचा नाही, ती नासवायची नाहीत.

आणि इथे एक अट आहे जी प्रवचनांतून जवळजवळ कधीच ऐकू येत नाही. घरात किती दिवस साठवून खायचे याची मर्यादा रानातले जनावर ठरवते. एखादे फळ शेतातून, झाडावरून संपले, रानातल्या प्राण्याला ते मिळेनासे झाले, की त्याच दिवशी ते माणसाच्या घरातूनही बाहेर काढायचे. अंजीर घ्या. झाडावर अंजीर आहे तोवर तुमच्या कोठीतली सुकी अंजिरे तुमची. डोंगरावरचे शेवटचे अंजीर गळाले की कोठी उघडायची. माणशी तीन वेळच्या जेवणापुरते वाटून द्यायचे, असे मिश्ना सांगते. कोल्ह्याच्या पोटाला जे मिळत नाही ते मला कुलपात ठेवता येत नाही. मालकी सोडणे म्हणजे काय, हे आम्हाला याहून नेमके कुठेही शिकवलेले आढळलेले नाही.

आता कर्ज. सातव्या वर्षाच्या अखेरीस, शेवटच्या दिवशी सूर्य मावळला की येणे बुडाले. पण सगळेच येणे नव्हे, आणि हा भेद फार विचारपूर्वक केलेला आहे. मिश्नाच्या त्याच भागाचा दहावा अध्याय सांगतो, की दुकानातली उधारी बुडत नाही, मजुराची थकलेली मजुरी बुडत नाही. तारण घेऊन दिलेले कर्ज आणि न्यायसभेकडे सोपवलेले रोखे हेही बुडत नाहीत. उधारी किंवा मजुरी यांना मात्र दोघांनी मिळून कर्जाचे रूप दिले असेल तर ती कर्जाप्रमाणे सुटतात. म्हणजे सोडवणुकीच्या नावाखाली मालकाला मजुराचे पैसे बुडवण्याची सोय ठेवलेली नाही. दयेचा नियम दुबळ्यावरच उलटू नये, ही काळजी इथे दिसते.

काय बिघडते हेही नियमाने आधीच ओळखले होते. 'सातवे वर्ष, सोडवणुकीचे वर्ष जवळ आले' असा नीच विचार मनात आणून गरीब भावाला रिकाम्या हाताने परत पाठवू नको, अशी अनुवाद १५:९ ची ताकीद आहे. तरी तसेच झाले. पाचव्या-सहाव्या वर्षी कर्ज मिळेनासे झाले, गरिबाच्या भल्यासाठी असलेला नियम गरिबालाच उपाशी ठेवू लागला. तेव्हा हिल्लेल या गुरूने, ख्रिस्तजन्माच्या थोडे आधी, 'प्रोझबुल' नावाचा दस्त काढला. सावकाराने न्यायाधीशांपुढे लिहून द्यायचे, की माझी सगळी येणी मी तुमच्या हवाली करतो, म्हणजे ती मला हवी तेव्हा वसूल करता येतील. खाली न्यायाधीशांच्या किंवा साक्षीदारांच्या सह्या. अट एवढी, की कर्जदाराच्या नावावर थोडी तरी जमीन असावी. नसेल तर सावकाराने आपल्या शेताचा एक लहानसा तुकडा त्याला देऊन दस्त करावा. ज्यूदियाच्या वाळवंटात मुरब्बआत इथे सापडलेल्या, रोमी सम्राट नीरोच्या दुसऱ्या वर्षाच्या (इ.स. ५५-५६) एका कर्जरोख्यात कर्जदाराने तर 'शब्बाथ वर्ष असले तरी फेडीन' असेच लिहून दिलेले आहे.

प्रोझबुलला ढोंग म्हणून निकालात काढणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. हिल्लेलपुढे दोन वाटा होत्या: अक्षर पाळून गरिबाचे दार बंद होऊ द्यायचे, किंवा अक्षर वाकवून ते उघडे ठेवायचे. त्याने दुसरी निवडली. पण किंमतही मोजली, कारण सोडवणूक हळूहळू कागदावर उरली. म्हणूनच त्याच अध्यायाचा शेवट आम्हाला मोलाचा वाटतो. सातव्या वर्षानंतर कुणी आपणहून कर्ज फेडायला आला तर सावकाराने 'मी सोडले' असे म्हणायचे. तो 'तरीही घ्या' म्हणाला तर घ्यायचे. आणि असे फेडणाऱ्यावर सुज्ञांचे मन प्रसन्न होते, असे मिश्ना म्हणते. एकाने हक्क सोडला, दुसऱ्याने सूट नाकारली. कायदा संपला तिथून पुढचे हे दोन उद्गार.

दासाच्या सुटकेत एक अट विसरली जाते: त्याला रिकाम्या हाताने घालवायचे नाही. कळपातून, खळ्यातून, द्राक्षकुंडातून त्याला उदारपणे द्यायचे (अनुवाद १५:१३-१४). हाती काही नसलेला माणूस बाहेर पडला तर पहिल्या टंचाईत पुन्हा कुणाच्या तरी दारात उभा राहणार, हे नियमाला ठाऊक आहे. आणि नुसत्या भीतीपोटी केलेल्या सुटकेचे काय होते, ते यिर्मया ३४ मध्ये वाचावे. बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला तेव्हा यहूदाच्या सिद्कीया राजाने आणि यरुशलेमच्या सरदारांनी मंदिरात करार करून दास सोडले. मिसरी (इजिप्तचे) सैन्य येतेय म्हणून वेढा थोडा उठला, आणि त्याच लोकांना त्यांनी पुन्हा धरून आणले. भीतीने दिलेले भीती सरताच परत घेतले गेले.

इथे एक गोष्ट न लपवता सांगितली पाहिजे. लेवीय २५:४४-४६ परदेशी दासांना ही सूट देत नाही. त्यांना वारशाने मुलांकडे देण्याची मुभा देते. योबेलला सर्व मानवांच्या मुक्तीचा जाहीरनामा म्हणणाऱ्यांनी ही तीन वचनेही वाचावीत. ती आहेत, आणि ती बोचतात. पुढे संदेष्ट्यांनी आणि प्रभू येशूने 'भाऊ' कोण याची सीमा रुंदावली, ती या मर्यादेच्या जाणिवेतूनच समजते.

आता खुद्द योबेल. त्याचे गणित एका उदाहरणाने पाहू. योबेल चक्राच्या तिसाव्या वर्षाच्या सुरुवातीला एका शेतकऱ्याने अडचणीत शेत विकले. तीस ते एकोणपन्नास ही वीस वर्षे. त्यात पस्तिसावे, बेचाळिसावे आणि एकोणपन्नासावे ही शब्बाथ वर्षे, म्हणजे तीन वजा. उरली सतरा पिके. एका पिकाचे निव्वळ मोल दोन शेकेल (त्या काळचे चांदीचे एक वजन) धरले तर किंमत चौतीस शेकेल, त्याहून जास्त घेणे म्हणजे लुबाडणूक. पस्तिसाव्या वर्षाच्या शेवटी त्याच्याजवळ किंवा त्याच्या जवळच्या नातलगाजवळ पैसे आले. घेणाऱ्याने तोवर पाच पिके काढली, बारा उरली. चोवीस शेकेल परत केले की शेत सुटले, घेणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. 'तो तुला पिकांची संख्या विकत आहे' असे सोळावे वचन स्वच्छ म्हणते. आपल्या भाषेत सांगायचे तर इथे खरेदीखत कधी होतच नाही. होतो तो मुदतीचा खंड.

मिश्नाच्या 'अराखीन' या भागाच्या नवव्या अध्यायात याचे बारकावे आहेत. विकल्यावर निदान दोन पिके तरी घेणाऱ्याला मिळालीच पाहिजेत, त्याआधी सोडवता येत नाही. शब्बाथ वर्ष त्या दोनांत धरत नाहीत. घेणाऱ्याने ते शेत पुढे तिसऱ्याला विकले असेल तर दोन किमतींपैकी जी कमी तिच्यावर हिशेब, म्हणजे मूळ मालकाचा फायदा. आणि कर्ज काढून शेत सोडवता येत नाही, अर्धेही सोडवता येत नाही. पहिल्यांदा वाचताना ही अट निष्ठुर वाटते. पण एका फासातून मान काढून दुसऱ्यात घालणारा माणूस जिने पाहिला आहे अशा व्यवस्थेनेच ती घातली असणार.

तटबंदीच्या शहरातल्या घराचा नियम वेगळा. तिथे सोडवणुकीला फक्त एक वर्ष, ते उलटले की घर कायमचे घेणाऱ्याचे, योबेलमध्येही परत नाही. खेड्यातले, तटाबाहेरचे घर मात्र शेतासारखे परत येते. ज्यावर पोट चालते ते परत, नुसती मालमत्ता नव्हे, असा हा विवेक. पण माणसे इथेही वाट काढत. घेणारा बाराव्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी लपून बसे, म्हणजे विकणारा पैसे घेऊन आला तरी ते घ्यायला कुणी नाही, आणि सूर्य मावळताच घर पक्के त्याचे. पुन्हा हिल्लेलच पुढे आला. त्याने ठरवून दिले, की विकणाऱ्याने पैसे मंदिराच्या दालनात जमा करावेत, घराचे दार फोडावे आणि आत जावे. प्रोझबुल काढणारा हिल्लेल सर्वांना माहीत असतो, दार फोडायला सांगणारा हिल्लेलही माहीत असायला हवा.

योबेल कधी सुरू होते याकडेही लक्ष वेधावेसे वाटते. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी, प्रायश्चित्ताच्या दिवशी, शिंग फुंकून. वर्ष दहा दिवस आधीच सुरू झालेले असते. त्या दहा दिवसांचे वर्णन तालमूदमध्ये (मिश्नावरच्या चर्चेच्या ग्रंथात) आहे: दास ना घरी जात, ना मालकाची चाकरी करत, ते खात-पीत, आनंद करत, डोक्यावर मुकुट घालून बसत. दहाव्या दिवशी शिंग वाजले की ते घरी जात आणि शेते मूळ धन्यांकडे. देवाशी समेट आणि शेजाऱ्याच्या सातबाऱ्याचा निकाल एकाच दिवशी. उपवास करून पापांची क्षमा मागणाऱ्याला त्याच संध्याकाळी दुसऱ्याचे शेत सोडावे लागे.

याहून महत्त्वाचे म्हणजे ती तारीख ठरलेली होती. कर्जमुक्तीची फर्माने बाबेलच्या राजांनीही काढली, इ.स.पू. सतराव्या शतकातल्या अम्मीसादुका राजाचे तसे फर्मान उपलब्ध आहे. पण ती राजाच्या मर्जीने, बहुधा गादीवर बसताना. लोकांनी राजाचे उपकार मानायचे. मोशेच्या नियमाने हे राजाच्या हातून काढून पंचांगात घातले. कुणाचे मन द्रवण्याची वाट पाहायची नाही, कुणापुढे हात जोडायचे नाहीत. कर्ज देतानाच दोघांनाही शेवटचा दिवस ठाऊक आहे, शेत घेतानाच परतीचे वर्ष ठाऊक आहे. आमच्या मते हाच या नियमांचा गाभा. दया ही भावनेवर सोडली की ती देणाऱ्याचा मान वाढवते आणि घेणाऱ्याचा उतरवते. तारखेला बांधली की दोघेही देवापुढे सारखेच उपरे ठरतात.

हे प्रत्यक्षात किती पाळले गेले? योबेल पाळल्याची एकही ठोस नोंद बायबलमध्ये नाही. उलट २ इतिहास ३६:२१ म्हणते, की जमिनीला तिचे चुकलेले शब्बाथ बाबेलमधल्या सत्तर वर्षांच्या बंदिवासात मिळाले. शब्बाथ वर्ष मात्र पुढे खरोखर पाळले जात होते, आणि ते महागही पडत होते. मक्काबींच्या पहिल्या पुस्तकात (६:४९) बेथ-सूरचे लोक किल्ला सोडून बाहेर येतात, कारण ते जमिनीचे शब्बाथ वर्ष होते आणि आत धान्य नव्हते. ज्यूलियस सीझरने यहुद्यांना सातव्या वर्षीच्या करातून सूट दिल्याचे पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस नोंदवतो. पुढे रोमी कर सातव्या वर्षीही द्यावा लागू लागला, तेव्हा तिसऱ्या शतकात रब्बी यन्नाय यांनी 'जा आणि पेरा' असे जाहीर केले. आधुनिक काळात १८८८-८९ च्या शब्बाथ वर्षी, पॅलेस्टाइनमधल्या नव्या यहुदी वसाहती तगाव्यात म्हणून, जमीन तेवढ्या काळापुरती परधर्मीयाला विकण्याची तोड काढली गेली. तिच्यावरचा वाद आजही चालू आहे. दुसरी पद्धत अशी, की न्यायसभा स्वतःच सर्वांच्या वतीने फळे तोडवून घेते आणि फक्त मजुरी-वाहतुकीचा खर्च घेऊन वाटते. फळाची किंमत लावत नाही. आम्हाला ही दुसरी पद्धत नियमाच्या आत्म्याला जास्त जवळची वाटते.

महाराष्ट्राशी याचा एक खरा धागा आहे. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाला 'शनिवार तेली' म्हणत, कारण ते घाण्यावर तेल काढत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत. जमिनीच्या विसाव्याचा नियम इस्राएलच्या भूमीपुरताच असल्याने अलिबागच्या बाजूला तो लागू नव्हता. कर्जाच्या सोडवणुकीला मात्र परंपरा देशाची सीमा घालत नाही. ज्या दिवशी गावातले सगळे घाणे चालू, त्या दिवशी आपला बंद ठेवायचा, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे गेले तरी चालेल असे ठरवायचे. शब्बाथ म्हणजे काय, हे त्यांच्या शेजाऱ्यांना ग्रंथ न वाचताही कळले असणार.

नासरेथच्या सभास्थानात प्रभू येशूने यशयाचा ग्रंथ उघडून धरून नेलेल्यांच्या सुटकेचे आणि प्रभूच्या कृपाप्रसादाच्या वर्षाचे वचन वाचले (लूक ४), तेव्हा ऐकणाऱ्यांच्या कानात वरचे सगळे तपशील असणार. ते वचन वाचताना आपल्याही कानात ते असावेत. दर रविवारी 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे' म्हणणाऱ्या मंडळींनी तरी एकदा वही उघडून पाहावी.

वही उघडायची म्हणजे काय, तेही सांगतो. घरकामाच्या बाईंना किंवा ड्रायव्हरला उचल दिली असेल, तर ती देतानाच शेवटची तारीख कागदावर लिहावी आणि त्या तारखेला उरलेली रक्कम सोडून द्यावी, मागायची वेळ येऊ न देता. त्यांची मजुरी आपल्याकडे थकली असेल तर तिचे कधीही कर्ज किंवा 'जमा' होऊ देऊ नये, ती आधी चुकती करावी. नात्यात गहाण घेतलेली जमीन असेल तर आजवर काढलेली पिके मोजावीत आणि मुद्दलातून वजा धरावीत. कितीतरी गहाणे अशी मोजली तर केव्हाच फिटलेली निघतील. नोकरी सोडून जाणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवू नये. आणि ज्या वर्षी उत्पन्न चांगले येईल त्याच वर्षी पुढच्या सोडवणुकीची तरतूद बाजूला काढावी, कारण सातव्या वर्षी ती काढायला काही उरलेले नसते. चर्चच्या संस्थांनी, पतपेढ्यांनी हे आपल्या ठरावांत आणले तर ज्युबिलीच्या तीर्थयात्रांना मोठी जोड मिळेल.

इब्री (यहुदी) पंचांगातल्या वर्षाला सातने पूर्ण भाग गेला की ते शब्बाथ वर्ष. ५७८२ हे मागचे, सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२. पुढचे ५७८९, ते सप्टेंबर २०२८ मध्ये सुरू होईल. तेव्हा आपल्या दैनिकात या विषयावर पुन्हा लेख येतील. आमची विनंती एवढीच, की त्या वेळी लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायाची पंचावन्न वचने, दासांविषयीची ती तीनही धरून, पुरवणीत सलग छापावीत आणि लेख त्यांच्या शेजारी द्यावेत.

कळावे,
आपले,
जुन्या कराराचे काही अभ्यासक, वसई